दूध संकलनाच्या डेटाबेसचं प्रकरण: गुण रीस्टार्टचा, श्रेय सेटिंगला

पार्श्वभूमी

गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर पुरवणारी एक मध्यम आकाराची कंपनी. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. सॉफ्टवेअरवर सुमारे १,१५० संस्था आणि १ लाख ९० हजार उत्पादक. उत्पादक किटली घेऊन काट्यावर येतो, वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मोजलं जातं, दर लागतो आणि पावती निघते. दिवसाला अशी साधारण ३ लाख मापं. जवळजवळ सगळी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ८ या दोन पाळ्यांत. मधल्या वेळी सर्व्हर जवळपास रिकामा असतो. दर दहा दिवसांनी, म्हणजे १, ११ आणि २१ तारखेच्या रात्री, उत्पादकांची बिलं तयार होतात.

डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल १३. यंत्र ८ कोअरचं, ३२ जीबी मेमरी, एसएसडी. या प्रकरणात दोन टेबलं महत्त्वाची आहेत. पहिलं ‘संकलन’: प्रत्येक मापाची एक ओळ, एकूण सुमारे २४ कोटी ओळी. इथे ओळ एकदा पडली की सहसा बदलत नाही. दुसरं ‘शिल्लक’: प्रत्येक उत्पादकाची एकच ओळ, चालू दहा दिवसांतले लिटर, रक्कम आणि शेवटच्या मापाची वेळ. ओळी जेमतेम १ लाख ९० हजार. दीडशे बाइटच्या हिशोबाने हे टेबल ३० एमबीच्या आत बसायला हवं.

आकार पाहून कुणीही पहिल्या टेबलावरच संशय घेईल, आणि इथेही तेच झालं.

अडचण

पाळीच्या वेळी पावती निघायला १०-१२ सेकंद लागू लागले. एका मापाला बारा सेकंद म्हणजे दीडशे उत्पादकांच्या संस्थेत अर्ध्या तासाची जादा रांग. टँकर ठरल्या वेळी येऊन उभा राहतो आणि सचिव फोनवर फोन करतो. सर्व्हरवर आठही कोअर ९५ टक्क्यांच्या वर आणि डिस्क मात्र शांत.

ही खूण तेव्हाच नीट वाचायला हवी होती. डिस्क शांत आणि कोअर तापलेले, याचा अर्थ डेटा मेमरीत आहे आणि तोच पुन्हा पुन्हा चाळला जातोय.

टीमने त्याआधीच्या दोन महिन्यांत दोन उपाय करून पाहिले होते. लॉगमध्ये ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ ही ओळ दिसली, म्हणून मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शनं चालतील ती मर्यादा) १०० वरून ५०० केलं. दुसऱ्या दिवसापासून पावत्या झटपट निघू लागल्या, आणि सुमारे अडीच आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार. मग कुणीतरी सुचवलं म्हणून वर्क_मेम (सॉर्टसारख्या एका कामाला मिळणारी मेमरी) ४ एमबीवरून ६४ एमबी केलं. त्या बदलानंतर दोन दिवसांत, बिलाच्या रात्री, ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरी संपली म्हणून एक बॅकएंड प्रोसेस (प्रत्येक कनेक्शनमागे अशी एक असते) मारली.

इथे पोस्टग्रेसची एक सवय माहीत हवी. एक बॅकएंड असा बाहेरून मारला गेला, तर सामायिक मेमरी बिघडली असू शकते असं धरून मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शनं तोडते आणि क्रॅश रिकव्हरी करूनच पुन्हा दार उघडते. बिल अर्ध्यात तुटलं. हिशोब सरळ होता: ५०० कनेक्शनं गुणिले ६४ एमबी म्हणजे यंत्राची सगळी मेमरी. त्यात वर्क_मेम ही एका क्वेरीची मर्यादा नसून प्रत्येक सॉर्टची, प्रत्येक हॅशची वेगळी मर्यादा आहे. एकाच क्वेरीत ती तीन-चारदा लागू होऊ शकते.

गंमत अशी, की त्या क्रॅशनंतरही दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. ‘वर्क_मेमने फरक पडला, फक्त जरा जास्त झालं’ असा निष्कर्ष काढून ते ३२ एमबीवर आणण्यात आलं.

खरं तर दोन्ही वेळा गुण रीस्टार्टचा होता. मॅक्स_कनेक्शन्स बदलायला सर्व्हर रीस्टार्ट करावाच लागतो. क्रॅशमध्ये तो आपोआप झाला. श्रेय मात्र सेटिंगला मिळत गेलं.

समोर आलेले पर्याय

तिसऱ्यांदा अडचण आली तेव्हा टेबलावर चार प्रस्ताव होते.

यंत्र दुप्पट करणं, म्हणजे १६ कोअर आणि ६४ जीबी. भाडं दुप्पट, काम एका रात्रीत. व्यवस्थापनाचा कल इकडे होता आणि त्यात गैर काही नाही. कित्येकदा हाच सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो. पण यंत्र बदलणं म्हणजेही रीस्टार्ट. दोन-तीन आठवडे, आणि जास्त कोअरमुळे कदाचित महिना-दीड महिना, सगळं छान दिसलं असतं आणि पैसे वसूल झाले असं वाटलं असतं.

रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचण्यासाठीची नक्कल) उभी करून याद्या आणि अहवाल तिकडे वळवणं. लांबच्या दृष्टीने योग्य. पण स्ट्रीमिंग रेप्लिका ही मूळ डेटाबेसची ब्लॉकला ब्लॉक अशी नक्कल असते. मूळ टेबल फुगलेलं असेल तर नक्कलही तितकीच फुगलेली, आणि तीच क्वेरी तिथेही तितकीच रखडते.

‘संकलन’ टेबलाचं महिन्यावार पार्टिशनिंग, म्हणजे महिन्याला एक असे तुकडे. २४ कोटी हा आकडा ऐकून हा प्रस्ताव सगळ्यांनाच पटत होता. पण त्यात कोडमधले बदल, पार्टिशन-की (ज्यावरून तुकडे पडतात तो कॉलम) प्रत्येक युनिक इंडेक्समध्ये आणण्याचं बंधन आणि जुना डेटा हलवणं, असं मिळून दीड-दोन महिन्यांचं काम होतं.

चौथा प्रस्ताव साधा होता: एक पाळी काहीही न बदलता फक्त मोजायचं. मुख्य म्हणजे तोवर रीस्टार्ट करायचा नाही. त्यामुळे पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे क्वेरींची आकडेवारी ठेवणारं एक्स्टेन्शनसुद्धा त्या दिवशी चढवलं नाही, कारण ते शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये घालायला रीस्टार्ट लागतो. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो थोडा नशिबानेही झाला: टीममधल्या एकाने दोन्ही वेळा सुधारणा दिसू लागल्याच्या तारखा आणि सर्व्हर सुरू झाल्याच्या तारखा शेजारी मांडल्या होत्या. त्या तंतोतंत जुळत होत्या.

मोजणीत काय दिसलं

संध्याकाळच्या पाळीत दर सेकंदाला पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीचा नमुना घेतला; कोणतं सेशन त्या क्षणी काय करतंय ते हा तक्ता दाखवतो. चालू क्वेरींपैकी बहुतेक एकाच साच्याच्या होत्या: एका संस्थेच्या सगळ्या उत्पादकांची ‘शिल्लक’मधली यादी. संस्थेच्या पडद्यावर ‘आज कोण आलं, कोण नाही’ दाखवणारी ही यादी दर ५ सेकंदांनी ताजी होत होती. १,१५० संस्था भागिले ५, म्हणजे सेकंदाला २३० वेळा.

तीच क्वेरी हाताने ‘एक्सप्लेन’ला अ‍ॅनालाइझ आणि बफर्स लावून चालवली; ही आज्ञा क्वेरीने किती वेळ घेतला आणि किती वाचलं ते सांगते. निकालात ओळी १६५, वेळ २७ मिलिसेकंद, आणि वाचलेले बफर सुमारे १५ हजार. प्रत्येक बफर ८ केबीचा. १६५ ओळींसाठी जवळजवळ १२० एमबी चाळली जात होती. २७ मिलिसेकंद तसे फार वाटत नाहीत, पण सेकंदाला २३० वेळा म्हणजे सहा कोअर पूर्ण वेळ याच एका यादीत अडकलेले. पावतीचं काम उरलेल्या दोन कोअरवर रांगेत.

मग पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स पाहिलं. ‘शिल्लक’मध्ये जिवंत ओळी १ लाख ९० हजार, मृत ओळी १ कोटी ७० लाख. टेबल ३० एमबीऐवजी २.६ जीबी, आणि पाच इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याच्या सूची) मिळून जवळपास तेवढेच. प्रत्येक उत्पादकाच्या एका खऱ्या ओळीमागे नव्वद जुन्या आवृत्त्या. १६५ गुणिले ९० म्हणजे तेच १५ हजार.

पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ जागेवर बदलत नाही. नवी आवृत्ती लिहितो आणि जुनी मागे ठेवतो. ती उचलणं हे व्हॅक्यूमचं काम. म्हणून पहिला तर्क असा झाला, की ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप होणारा व्हॅक्यूम, चालतच नसेल. पण त्याच तक्त्यात शेवटच्या ऑटोव्हॅक्यूमची वेळ होती एक मिनिटापूर्वीची! तो दर मिनिटाला येत होता, सगळं टेबल झाडत होता आणि रिकाम्या हाताने परत जात होता.

हाताने ‘व्हॅक्यूम व्हर्बोज’ चालवल्यावर उलगडा झाला. निकालातली एक ओळ सांगत होती की १ कोटी ७० लाख मृत आवृत्त्या ‘कॅनॉट बी रिमूव्ह्ड येट’, आणि पुढे ओल्डेस्ट एक्समिनचा (अजून कुणाला तरी लागू शकणाऱ्या सर्वात जुन्या ट्रान्झॅक्शनचा) आकडा. म्हणजे कुणीतरी एक जुना स्नॅपशॉट (त्या क्षणी डेटा जसा होता ते चित्र) उघडा धरून बसला होता, आणि त्याला त्या ओळी अजून दिसू शकतात या धास्तीने व्हॅक्यूम त्यांना हात लावत नव्हता.

पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत बॅकएंड_एक्समिनच्या वयाप्रमाणे उतरता क्रम लावला की असा सेशन सर्वात वर येतो. वय १९ दिवस, स्थिती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडं, काम मात्र काहीच नाही), पत्ता हिशोब विभागातल्या एका संगणकाचा. तिथला अहवालाचा प्रोग्राम ‘संकलन’वर कर्सर (निकाल थोडा थोडा घेण्याची सोय) उघडायचा, हव्या तेवढ्या ओळी घ्यायचा आणि कर्सर बंद न करता तसाच बसून राहायचा. सर्व्हर रीस्टार्ट झाला की कनेक्शन तुटायचं. मग प्रोग्राम आपणहून पुन्हा जोडायचा आणि पुढच्या अहवालाला नवा कर्सर उघडायचा. तिथून पुढचे आठवडे मोजायला सुरुवात.

इथे दोन बारकावे आहेत. नुसतं ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असणं हा दर वेळी गुन्हा नसतो. नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर क्वेरी संपली की स्नॅपशॉट सुटतो. तो अडकून राहतो उघड्या कर्सरमुळे किंवा रिपीटेबल रीडमुळे (ट्रान्झॅक्शनभर एकच स्नॅपशॉट धरणारी पातळी), आणि ट्रान्झॅक्शनने काही लिहिलेलं असेल तर त्याचा क्रमांकच व्हॅक्यूमला रोखतो. दुसरं, कर्सर ‘संकलन’वर होता, ‘शिल्लक’ला त्याने बोटही लावलं नव्हतं. तरी फटका ‘शिल्लक’लाच बसला, कारण ही सीमा टेबलापुरती नसून अख्ख्या डेटाबेसची असते. ‘संकलन’मध्ये ओळी बदलतच नाहीत, त्यामुळे ते २४ कोटींचं धूड ठणठणीत होतं.

केलेली कामं

त्या सेशनवर आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड चालवलं, काहीच झालं नाही. ते फक्त चालू क्वेरी थांबवतं, आणि इथे क्वेरी चालूच नव्हती. पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने सेशन गेला आणि पुढच्या दोन मिनिटांत ऑटोव्हॅक्यूमने मृत ओळी साफ केल्या. यादीची क्वेरी २७ वरून २ मिलिसेकंदांवर.

पण टेबल २.६ जीबीचंच राहिलं. साधा व्हॅक्यूम आतली जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो; डिस्कला परत देतो ती फक्त टेबलाच्या शेपटाकडची रिकामी पानं. आटवायला दोन वाटा होत्या: पीजी_रीपॅक (टेबल वापरात असतानाच नव्याने लिहिणारं एक्स्टेन्शन) किंवा व्हॅक्यूम फुल. व्हॅक्यूम फुल टेबलाला संपूर्ण कुलूप लावतो म्हणून त्याचं नाव काढलं की लोक दचकतात. मोठ्या टेबलावर ते बरोबरच आहे. इथे जिवंत डेटा ३० एमबीच होता आणि दुपारी दोनला संकलन बंद असतं. लॉक_टाइमआउट ३ सेकंद ठेवून चालवला, म्हणजे कुलूप लगेच मिळालं नाही तर आपल्यामागे बाकीच्यांची रांग लागणार नाही. २० सेकंदांत काम संपलं.

आणि दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा करावं लागलं, कारण फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं ती सेटिंग) आधी बदलायचा राहून गेला होता. ‘शिल्लक’वर शेवटच्या मापाच्या वेळेचा इंडेक्स होता, आणि ही वेळ प्रत्येक अपडेटला बदलते. इंडेक्समधला कॉलम बदलला की पोस्टग्रेसला हॉट अपडेट करता येत नाही. हॉट अपडेट म्हणजे नवी आवृत्ती त्याच पानात बसवून इंडेक्सना धक्का न लावणं. ते जमलं नाही की पाचही इंडेक्समध्ये नवी नोंद. हॉट अपडेटचं प्रमाण इथे शून्य होतं. तो इंडेक्स काढला. संस्थेच्या १६५ ओळींत वेळ तपासायला त्याची गरजच नव्हती. फिलफॅक्टर १०० वरून ७० केला, म्हणजे प्रत्येक पानात तीस टक्के जागा नव्या आवृत्तीसाठी मोकळी. जुन्या पानांना हे टेबल नव्याने लिहिल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून दुसरा व्हॅक्यूम फुल. यानंतर हॉटचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं.

कोडमध्ये एका मापाला ‘शिल्लक’वर तीन अपडेट होत होते: वजनाला एक, फॅटला एक, दराला एक. ते पावतीच्या वेळी एकच केले. दिवसाचे ९ लाख अपडेट ३ लाखांवर आले. यादी ताजी करण्याचं अंतर ५ वरून २० सेकंद. एकाही संस्थेची तक्रार आली नाही.

‘शिल्लक’पुरता ऑटोव्हॅक्यूमही बदलला. मूळ नियम ५० अधिक वीस टक्के ओळींचा, म्हणजे सुमारे ३८ हजार मृत ओळी साठल्यावर फेरी. स्केल फॅक्टर (टक्क्यांचा भाग) शून्य आणि थ्रेशोल्ड (ठरीव आकडा) ५,००० केला.

कनेक्शनांचा प्रश्न वेगळा आणि खरा होता. आठ कोअरवर ५०० बॅकएंड ठेवण्यात अर्थ नाही, आणि १३ व्या आवृत्तीत तर निष्क्रिय कनेक्शनांचाही भार प्रत्येक स्नॅपशॉटवर पडतो (१४ मध्ये हे बरंच सुधारलं). पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारं मधलं सॉफ्टवेअर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये बसवला: बाहेरून १,००० कनेक्शनं, आत २४. मॅक्स_कनेक्शन्स पुन्हा १००, वर्क_मेम ८ एमबी, फक्त बिलाच्या रोलला (डेटाबेसमधल्या खात्याला) १२८. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सही याच रीस्टार्टमध्ये चढवलं.

पीजीबाउन्सरने मात्र दोन दिवस घाम फोडला. आधी ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट डझ नॉट एक्झिस्ट’च्या तक्रारी. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये पुढचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच बॅकएंडवर जाऊ शकतं आणि तयार केलेलं स्टेटमेंट पहिल्यावर राहतं. ड्रायव्हरमध्ये ती सोय बंद केली; पीजीबाउन्सर १.२१ पासून त्याला आधार आहे, पण बसवलेली आवृत्ती जुनी होती. दुसरी चूक जास्त वाईट. एकाच संस्थेचं बिल दोनदा निघू नये म्हणून कोड सेशन पातळीचं अ‍ॅडव्हायझरी लॉक (कोडने स्वतःच्या सोयीसाठी लावायचं कुलूप) घेत होता. लॉक एका बॅकएंडवर लागायचं, सोडण्याची हाक दुसऱ्यावर जायची आणि कुलूप तसंच लटकायचं. ११ तारखेच्या रात्री काही संस्थांची बिलं या कुलपापाशी अडून राहिली. पीजी_अ‍ॅडव्हायझरी_एक्सॅक्ट_लॉक वापरल्यावर प्रश्न मिटला, कारण ते ट्रान्झॅक्शन संपताच आपोआप सुटतं.

परिणाम

पाळीच्या ऐन भरात कोअरचा वापर ९५ वरून २० टक्क्यांच्या आसपास. पावती अर्ध्या सेकंदाच्या आत. यादीची क्वेरी ०.६ मिलिसेकंद. मोठ्या यंत्राची ऑर्डर रद्द.

बिल तरीही पावणेतीन तास घेत होतं, आणि हा दोष खरोखर ‘संकलन’चा होता. इंडेक्स फक्त तारखेवर होता. प्रत्येक संस्थेच्या बिलासाठी दहा दिवसांतल्या सगळ्या संस्थांच्या ३० लाख ओळी वाचल्या जात होत्या. संस्था आणि तारीख, या क्रमाने नवा इंडेक्स ‘कन्करंटली’, म्हणजे टेबलावरचं लिखाण न थांबवता, बांधला. पहिला प्रयत्न मध्येच रद्द झाला आणि मागे इनव्हॅलिड इंडेक्स राहिला: क्वेरीला निरुपयोगी, पण प्रत्येक इन्सर्टला लिहावा लागणारा. तो काढून दुसऱ्यांदा बांधला. बिल वीस मिनिटांत.

पार्टिशनिंग सोडलं नाही, लांबवलं. जुनी वर्षं काढून टाकायची वेळ येईल तेव्हा कोट्यवधी ओळी डिलीट करण्यापेक्षा पार्टिशन वेगळं करणं केव्हाही सोपं. वेगासाठी मात्र आज त्याची गरज नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मॅक्स_कनेक्शन्स वाढवण्याआधी एक क्वेरी पुरली असती: सर्वात जुना बॅकएंड_एक्समिन कोणाचा? तो प्रश्न तिसऱ्या फेरीपर्यंत कुणी विचारला नाही. तो एक्समिन अर्धा तास वयाचा झाला की इशारा देण्याची व्यवस्था आता आहे. ती सेशनशिवाय प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स (पक्की होण्याआधी थांबवून ठेवलेली) आणि रेप्लिकेशन स्लॉटही (रेप्लिका कुठवर पोचली याची नोंद) तपासते, कारण ते दोन्ही रीस्टार्टलाही पुरून उरतात.

अहवालाच्या रोलला आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट १० मिनिटं, अ‍ॅपच्या रोलला १ मिनिट दिलं. हे पूर्ण कवच नाही. एखादा प्रोग्राम दर नऊ मिनिटांनी कर्सरमधून दोन ओळी घेत राहिला तर त्यातून निसटतो. तो धरायला पोस्टग्रेस १७ मधला ट्रान्झॅक्शन_टाइमआउट लागेल.

पुढे अहवालांसाठी रेप्लिका उभी केलीच. तिथे हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (रेप्लिकेने आपला जुना स्नॅपशॉट मूळ डेटाबेसला कळवणं) चालू केलं असतं तर रेप्लिकेवरचा लांबलेला अहवाल मूळ डेटाबेसचा व्हॅक्यूम अडवायला लागला असता, म्हणजे तोच रोग मागच्या दाराने. ते बंद ठेवून मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले (चालू अहवालासाठी रेप्लिकेने नवे बदल किती वेळ थोपवायचे ती मर्यादा) ३० सेकंदांवरून १५ मिनिटं केलं. त्यापेक्षा लांबलेला अहवाल अधूनमधून रद्द होतो, हिशोब विभाग कुरकुरतो आणि पुन्हा चालवतो.

इशारा पहिल्यांदा वाजला तो बसवल्याच्या दुसऱ्याच पहाटे पाचला. कर्सर नव्हताच कुठे. साडेचारला सुरू होणारा पीजी_डम्पचा बॅकअप होता. तो शेवटपर्यंत एकच स्नॅपशॉट धरून ठेवतो, आणि संपायला ६ वाजून ४० मिनिटं व्हायची. म्हणजे सकाळच्या पाळीची पहिली चाळीस मिनिटं व्हॅक्यूम रोजच अडलेला असायचा. बॅकअप रात्री अकराला आणला आणि बिलाची सुरुवात दीडला ढकलली.